वाकसाची किंमत

१७ सप्टेंबरला नांदेड-लातूरकडे झेंडावंदन होते, कारण १९४८ साली त्या दिवशी हैदराबाद संस्थानातली निजामी संपली. योगायोग असा की २०२३ साली त्याच तारखेला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे आणि पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. नव्याने लाकडाला हात लावणाऱ्या माणसाला सुरुवातीला किती आणि कोणती अवजारे लागतात, हा प्रश्न म्हणजे आता सरकारी हिशेबातही आला. मात्र या भागातल्या गावसुताराने तो फार पूर्वी सोडवला होता, आणि त्याचे उत्तर आपण चुकीचे वाचतो असे मला वाटते. त्याची झोळी लहान होती ती तो गरीब होता म्हणून, असे सरसकट म्हटले जाते. गरिबी होतीच. पण अवजारे स्वस्त पडत त्याचे खरे कारण वेगळे होते: विकत घ्यायची ती फक्त पोलादी धार, बाकीचे सगळे त्या धारेनेच घडवायचे.

झोळीत काय असे ते पाहू. वाकस, करवत, दोन-तीन रुंदीच्या पटाशा, रंधा, भोके पाडायला सामता, गुण्या, हातोडी, खिळे उपटायला अंबूर, कानस आणि धार लावायला निसणा. यातला वाकस जवळून पाहण्यासारखा आहे. दांड्याला आडवे बसवलेले रुंद पाते, मागच्या बाजूला ठोकायला बोथट डोके. एका बाजूने तासायचे, दुसऱ्या बाजूने ठोकायचे. सुतार जमिनीवर बसतो, लाकूड पायाच्या पंजांत धरतो आणि तासतो. शिकंजा लागत नाही, बाकडे लागत नाही. दांडा बाभळीचा किंवा धावड्याचा, तो त्यानेच काढलेला. रंध्याचे तसेच. बाजारातून किंवा लोहाराकडून आले ते बोटभर जाडही नसलेले पाते. ठोकळा आणि पाते आवळणारी पाचर घरची. सामता तर जवळजवळ अख्खाच लाकडाचा: एक फिरता दांडा, वर धरायची वाटी, दोरी ताणलेली कमान आणि टोकाला लोखंडाचा एवढासा तुकडा. पटाशीवर मारायची मोगरी म्हणजे बाभळीचा गाठाळ बुंधा. या यादीत वजनाने लाकूड जास्त आणि किमतीने लोखंड, आणि लाकूड सुताराच्या हातचे.

इथे भूगोलही कामाला येतो. लातूर हा काळ्या मातीचा, जंगल जवळजवळ नसलेला जिल्हा. बांधावरची बाभूळ आणि अंगणातला लिंब हेच तिथले इमारती लाकूड. नांदेडला किनवट-माहूरच्या डोंगरात साग आहे, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि सपाटीवरच्या शेतकऱ्याला सागाची तुळई मिळणे सोपे नव्हते. लाकूड दुर्मीळ, अवजार साधे, अशा जोडीत वाकसाला मोल येते. करवत सरळ रेषेत चालते आणि वाटेतले तंतू कापून टाकते. वाकसाने तासताना लाकडाच्या तंतूंच्या कलाने जाता येते. नांगरासाठी सुतार आधीच वाकलेली बाभूळ हेरून ठेवतो आणि तिचा बाक न मोडता नांगर काढतो. सरळ फळीतून तोच आकार कापला तर बाकाशी तंतू तुटतात आणि पहिल्या धोंड्यावर नांगर चिरतो. महागड्या यंत्राने जे साधणार नाही ते इथे झाड पारखणाऱ्या डोळ्याने साधले जात होते.

‘अशा झोळीतून ओबडधोबड कामच निघणार’ हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याला उत्तर तिफणीचे द्यावे. दिंडात तीन फण, प्रत्येकाच्या मागे वेळूचा नळा, वर तिन्ही नळ्यांत बी सोडणारे लाकडी चाडे. फणांतले अंतर बोटभर चुकले की ज्वारीच्या ओळी चुकतात, आणि पुढे त्याच ओळींतून बैलांनी ओढलेला डवरा जातो तेव्हा तणाबरोबर पीकही उपटले जाते. म्हणजे तिफण आणि डवरा ही दोन वेगवेगळी अवजारे महिन्याभराच्या अंतराने एकाच मापात चालावी लागतात. ते माप खुणा केलेल्या एका काठीवर असे. गाडीचे चाक तर याहून अवघड. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसलेले पुठे. प्रत्येक आऱ्याचे कुसू, म्हणजे टोकाची जीभ, आपापल्या सालीत, म्हणजे खाचेत, घट्ट गेलेच पाहिजे. ना सरस, ना खिळा. शेवटी लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल करतो, चार माणसे चिमट्यांनी उचलून ती चाकावर टाकतात आणि वरून घागरी ओततात. वाफेच्या लोटात धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे एका दमात आवळते. देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी ज्या चाकावर पोत्यांची गाडी ओढून बाजार गाठत होती, त्या चाकाचा शिकंजा हा असा शेजारच्या भात्यावर होता.

तिसरा पुरावा दुःखद आहे. या भागातले माळवदाचे घर खणांत मोजतात: खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, वर किलचण आणि हातभर पांढरी माती. भोवती चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती मुख्यतः या भिंती आणि मातीच्या ओझ्याखाली. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना कित्येक घरांत भिंती ढासळलेल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा असलेला आढळला. माळवद सुरक्षित होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. सगळे सांगाडे टिकले नाहीत, आणि आतल्या माणसाला खांब उभा राहिल्याचा काय उपयोग? तरीही पटाशी आणि करवतीने केलेला कुसू-सालीचा सांधा त्या धक्क्यात जिथे तगला, तिथे झोळी लहान म्हणून काम कच्चे, हे म्हणणे टिकत नाही.

आता धार कुठून येई ते पाहू, कारण सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. गावचा लोहार हा बलुतेदारच. त्याशिवाय भाता घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडी, ज्यांच्या बायका घण मारतात. पोलाद या मुलखाला परके नव्हते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबादकडच्या कोनसमुद्रमचे मुशीतले पोलाद तलवारींसाठी इराणपर्यंत जात होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वॉयसी या इंग्रजाने तिथली कृती लिहून ठेवली. ते पोलाद गावसुताराच्या पटाशीत आले असेल असे मी म्हणणार नाही, ते त्याला परवडणारे नव्हते. त्याची पटाशी मऊ लोखंडाची, फक्त टोकाला पोलादाची पट्टी जोडलेली. महाग वस्तू लागेल तेवढीच वापरायची ही लोहाराचीही रीत होती. पुढे गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडला आली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि कारखान्यात बनलेली पाती आणि करवती गाठणे सोपे झाले. तरी लोहाराची गरज संपली नाही. पाते झिजले की तोडून नवे टोक काढायचे, पुन्हा पाणी द्यायचे. ट्रकचे कमानपाटे भंगारात येऊ लागल्यावर तर लोहाराला फुकटात उत्तम पोलाद सापडले. आजही रस्त्याकडेच्या भात्यावर वाकस आणि विळे याच पाट्यांतून निघतात.

सर्वात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर होती? लोहार सुताराच्या अवजाराला धार देई आणि सुतार लोहाराचा भाता सांधून देई, हे खरे. पण दोघांनाही वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे, आणि किती मिळणार हे पिकावर आणि कुणब्याच्या मर्जीवर असे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ १९१५ साली निघाले. ते इंग्रजी मुलखातल्या गावांवर असले, तरी त्यातली बलुत्यावरची ओढाताण निजामी मुलखालाही अनोळखी वाटणार नाही. शिवाय झोळी स्वस्त असली तरी खुली नव्हती. वाकस धरायला शिकायचे तर सुताराच्या घरी जन्म घ्यावा लागे. दुसऱ्या जातीच्या पोराला ती विद्या कोणत्याही किमतीला मिळत नव्हती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच बलुतेदारीच्या आठवणीने गहिवरणारे लेखन मला खोटे वाटते. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून पुढे आयटीआय गावागावाजवळ पोचल्या आणि कोणत्याही घरचा मुलगा सुतारकाम शिकू लागला, हा बदल कुठल्याही अवजारापेक्षा मोठा आहे. पण अवजार स्वस्त पाडण्याची रीत आणि ती राबवणारी व्यवस्था या दोन गोष्टी आहेत. व्यवस्था गेली ते बरे झाले. रीतही तिच्याबरोबर टाकून द्यायची गरज नव्हती.

ती टाकली गेली, त्याला कारणेही तशीच होती. टायरच्या गाड्यांनी चाक काढून घेतले, लोखंडी तिफणीने फण, ट्रॅक्टरने नांगर आणि किल्लारीनंतर विटा-काँक्रीटच्या घरांनी तुळई. उरले ते फर्निचर, प्लायवुड आणि सनमायका. प्लायवुडला तंतूंचा कल पाहावा लागत नाही. तिथे वाकस निरुपयोगी आहे आणि विजेची करवत दहापट भराभर चालते. रोज दोन दरवाजे बसवणाऱ्या मिस्त्रीने यंत्रच घ्यावे, यात वाद नाही. नवशिक्याचे तसे नाही. त्याच्याकडे काम थोडे, वेळ भरपूर, आणि अजून हाताला सरळ रेघ कापता येत नाही. त्याने पंधरा हजारांत यंत्रे घेतली तर धार बोथट झाल्यावर तो दुकानात जातो. पटाशी घेतली तर निसण्यावर बसतो.

जुन्या झोळीवरून त्याची यादी काढायची तर खरेदी अशी निघते: एक करवत, अर्ध्या आणि एक इंचाच्या दोन पटाशा, एक गुण्या, एक हातोडी, रंध्याचे एक पाते आणि चांगला निसणा. पैसे कमी पडले तर करवतीत काटकसर चालेल, निसण्यात नाही. पहिले काम टेबल किंवा पाट नव्हे, मोगरी. बांधावरची वाळलेली बाभळीची फांदी, डोक्याला जाड तुकडा, मध्ये पटाशीने पाडलेली साल, त्यात ठोकलेला दांडा. साल तिरकी गेली तर दांडा डुगडुगतो, मग दुसरा तुकडा घ्यायचा. तिसरी मोगरी बहुधा घट्ट बसते, आणि तिनेच पुढे रंध्याच्या ठोकळ्यातले पात्याचे घर कोरायचे.