पट्टित लोहशैलसमूह आणि आद्य महासागर

पट्टित लोहशैलसमूह : लोह खनिजे आणि चर्ट किंवा जॅस्पर यांचे पातळ थर आलटूनपालटून साचून बनलेले, मुख्यतः कँब्रियनपूर्व काळातील गाळाचे खडक. त्यांतील लोहाचे प्रमाण सामान्यतः १५ टक्क्यांहून अधिक असते. ग्रीनलंडमधील इसुआ येथील थर सु. ३७० कोटी वर्षांपूर्वीचे असून पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्झली येथील विस्तीर्ण थर सु. २५० कोटी वर्षांपूर्वी साचले. गोव्यातील व गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागड येथील लोह धातुके अशाच खडकांशी निगडित आहेत.

आजच्या सागरजलात विरघळलेले लोह अत्यल्प असते. ऑक्सिजनाच्या सान्निध्यात फेरस लोहाचे फेरिक लोहात रूपांतर होऊन ते अविद्राव्य हायड्रॉक्साइडाच्या रूपात खाली बसते. हॅमर्झलीमधील पट्टे मात्र शंभराहून अधिक किमी. अंतरापर्यंत सलग ओळखता येतात. इतक्या दूरवर पसरण्यास लोह विरघळलेलेच असावयास पाहिजे. अर्थात तेव्हाचा खोल महासागर ऑक्सिजनरहित होता. त्यात सल्फाइडही फार नसावे, नाहीतर लोह पायराइटाच्या रूपात आधीच निघून गेले असते. सिलिका मात्र विपुल होती, कारण तिची कवचे बनविणारे जीव अद्याप अवतरले नव्हते. हे लोह खोल पाण्यातून वर येत असावे, असे एच. डी. हॉलंड यांनी १९७३ मध्ये सुचविले. सागरतळावरील उष्णजलीय उगम हा त्याचा मोठा स्रोत होता, असे पुढे विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या प्रमाणांवरून दिसून आले.

लोहाचे ऑक्सिडीभवन कशाने झाले, हा प्रश्न अधिक बिकट आहे. नील-हरित शैवलांनी सोडलेला ऑक्सिजन लोहाने शोषून घेतला, हे प्रेस्टन क्लाउड यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु ए. जी. केर्न्झ-स्मिथ यांनी १९७८ मध्ये जंबुपार किरणांचा पर्याय मांडला आणि १९९३ मध्ये ऑक्सिजनाविना, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने फेरस लोहाचे ऑक्सिडीभवन करणारे जीवाणू प्रत्यक्ष सापडले. काही संशोधकांच्या मते तर मूळ साका लोह सिलिकेटाचा होता व तांबडे हेमॅटाइट नंतर तयार झाले. तेव्हा खडकांच्या तांबड्या रंगावरून ऑक्सिजनाचे अस्तित्व गृहीत धरणे युक्त नव्हे. गंधकाच्या समस्थानिकांवरून वातावरणात ऑक्सिजन सु. २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी टिकून राहू लागला, असे दिसते. इसुआ व हॅमर्झली येथील थर त्याआधीचे आहेत.

सु. १८५ कोटी वर्षांपूर्वी हे विस्तीर्ण थर साचणे थांबले. खोल पाणी ऑक्सिजनयुक्त झाल्यामुळे नव्हे, तर सल्फाइड वाढल्यामुळे असे घडले, असे डोनल्ड कॅनफील्ड यांनी १९९८ मध्ये प्रतिपादिले. तथापि नंतरच्या अभ्यासांत त्या काळातील खोल पाणी पुष्कळ ठिकाणी लोहयुक्तच राहिल्याचे आढळले. कॅनडातील रॅपिटन येथे सु. ७० कोटी वर्षांपूर्वी, हिमानी निक्षेपांबरोबर, असे थर पुन्हा साचले.