हिस्लॉपसाहेबांची श्रवणभक्ती

नागपुरात हिस्लॉप हे नाव ज्याच्या कानांवरून गेले नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. परंतु बहुतेकांस ते १८८३ साली निघालेल्या महाविद्यालयाचे नाव म्हणूनच ठाऊक असते. ज्यांच्यावरून ते ठेवले ते स्टीफन हिस्लॉप कोण, असे विचारले असता 'कोणी पाद्री असावेत' ह्यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. उत्तर खोटे नाही. पाद्री ते होतेच. पण लोकांनी आपले ऐकावे म्हणून इतक्या दूर आलेल्या ह्या गृहस्थांचे सर्वांत टिकाऊ काम लोकांचे ऐकून घेण्याचे ठरले, आणि त्याविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

हिस्लॉप ह्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स ह्या गावी झाला. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास आले. त्या वेळी गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. हिस्लॉप मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली, आणि फावल्या वेळी हातोडी घेऊन टाकळी, कामठी, मांगली ह्या बाजूंचे खडक फोडले. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूरच्या भूगर्भाविषयी लिहिलेला निबंध लंडनच्या विद्वानांनी वाखाणला. एका खनिजास 'हिस्लोपाइट' असे नावही पडले. दगडाकडून माहिती काढावयाची तर तो जे दाखवील तेवढेच पाहावे लागते, त्याच्या तोंडी आपले शब्द घालता येत नाहीत. माणसाचे ऐकताना लागणारा संयम त्यांना ह्या व्यासंगातूनच लाभला असावा, असा माझा तर्क आहे.

आपल्याकडे नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणास आहे, कीर्तनास दुसरे. धर्मोपदेशकाचा व्यवसाय मात्र कीर्तनाचा. त्याने गप्प बसून दुसऱ्याच्या देवांची कथा ऐकावी हे जरा उफराटेच. हिस्लॉप गोंडांच्या वस्त्यांत हिंडू लागले ते धर्मप्रसाराच्या हेतूने, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु ह्या लोकांना काय सांगावे हे ठरवण्यापूर्वी ते स्वतः काय सांगतात हे त्यांस जाणावेसे वाटले. शेजारच्या जंगलात राहणाऱ्या ह्या समाजाचा पूर्वेतिहास विचारावा असे आपल्या नागपूरकर पंडितांपैकी किती जणांस तेव्हा वाटले असेल?

तो इतिहास गोंडांच्या कोणत्याही पोथीत नव्हता. तो परधानांच्या कंठात होता. परधान हे गोंडांचे भाट. यजमान गोंड त्यांना आपल्याहून खालचे मानीत, पण कुळाची कथा आणि देवांची उत्पत्ती त्यांच्याच किंगरीवर ऐकत. अशा एका परधानाकडून हिस्लॉप ह्यांनी नागपुरास लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. गोंडी शब्द, आणि त्यांखाली शब्दास शब्द इंग्रजी अर्थ, अशी त्याची मांडणी आहे. ह्या मांडणीतच ऐकणाऱ्याचे कष्ट दिसतात. एकेका शब्दाशी थांबून 'म्हणजे काय' असे विचारल्यावाचून तसा अर्थ लागत नाही. अर्थात ह्यात हानीही झालीच. लेखणीसाठी गाणे थांबत गेले, किंगरी मुकी झाली, आणि आजीच्या गोष्टीला नातवंडांचा लागतो तसा हुंकार द्यायला समोर गोंड मंडळी नव्हती. शिवाय सांगणाराही ऐकणाऱ्याचा चेहरा पाहूनच सांगतो. हे सर्व ध्यानात ठेवूनच ते गीत वाचावे.

आणि त्या गीताचा विषय तरी काय? महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले. चार भाऊ तेवढे निसटले व रानात राहू लागले. त्यांना लिंगो भेटला. विस्तव आणावयाचा तर तो रिकाड गवाडी नावाच्या नरभक्षक म्हाताऱ्याच्या शेतात. लिंगोने भोपळ्याचे जंतर केले आणि झाडावर चढून ते वाजवले. ते सूर ऐकून म्हातारा नाचू लागला आणि त्याची म्हातारीही नाचू लागली. तिघा भावांनी म्हाताऱ्याच्या दोन दोन मुली केल्या, धाकट्याने एक. लिंगोने लग्न नाकारले. पुढे त्या सातजणी भाऊ घरी नसताना लिंगोच्या मागे लागल्या. त्याने मुसळाने मारून त्यांना हाकलले, तेव्हा संध्याकाळी नवऱ्यांजवळ त्यांनी उलटीच कागाळी केली. ज्याने विस्तव दिला, बायका मिळवून दिल्या, त्या लिंगोला चौघांनी 'बाबा, झाले तरी काय?' एवढेही विचारले नाही. शिकारीच्या मिषाने नेऊन त्यांनी त्याला बाणांनी मारले, त्याचे डोळे काढले आणि रात्री त्या डोळ्यांच्या गोट्या करून खेळले.

हे वाचून अंगावर शहारे येतात. पण आपल्या घरांतून एका बाजूची कागाळी ऐकून किती भावांनी भावाशी बोलणे टाकले आहे, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. मलाही ह्याचे प्रायश्चित्त मिळालेले आहे. एका कचेरीत काम करीत असताना समोरच्याचे वाक्य तिसऱ्या शब्दाशी आपणच पुरे करण्याची मला सवय होती. एका खेडूत म्हाताऱ्यास मी 'अर्जाचे ना? पुढल्या आठवड्यात या' म्हणून दोनदा परत पाठविले. तिसऱ्या खेपेस त्याने उंबऱ्याशी उभे राहून एका दमात सांगून टाकले की, ज्याचा अर्ज होता तो त्याचा भाऊ वारला. अर्ज काढून टाका, एवढेच त्याला सांगावयाचे होते.

गीतातला लिंगो पुन्हा जिवंत होतो, पण त्या चार भावांकडे तो परत जात नाही. कोंडलेल्या गोंडांची तो सुटका करतो, त्यांची कुळे लावून देतो, देवधर्म शिकवतो.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल ह्यांच्यासमवेत हिस्लॉप टाकळघाटाजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले होते. मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली, पण हिस्लॉप गावच्या शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. सायंकाळी बोरीस घोडा आला तो एकटाच. वाटेतल्या फुगलेल्या नाल्यात ते बुडाले होते. वय अवघे पंचेचाळीस.

त्यांच्या मागे राहिलेले कागद टेम्पल ह्यांनी टिपणे जोडून १८६६ साली छापले, आणि लिंगोचे गीत जगापुढे आले. पुढे कॅप्टन फोर्सिथ ह्यांनी मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील आपल्या १८७१ च्या पुस्तकात त्याचे इंग्रजी पद्य केले, तेही लाँगफेलो कवीच्या 'हायावाथा'च्या चालीवर. पद्य वाचावयास गोड आहे. पण ते करताना फोर्सिथसाहेबांच्या कानात परधानापेक्षा लाँगफेलोच अधिक घुमत होता असे वाटते. आदिलाबादकडील राजगोंडांत राहून फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी ऐकलेला लिंगो त्यांच्या १९४८ च्या ग्रंथात आहे, आणि तो पुष्कळ निराळा आहे. म्हणजे हिस्लॉप ह्यांनी टिपली ती एका जमातीची एकमेव पोथी नव्हे, तर एका माणसाने एका माणसास सांगितलेली कथा होय. माझ्या मते तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. १८६६ च्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉप आणि टेम्पल ही दोन नावे आहेत. परधानाचे नाव तेथे नाही.