मिठाच्या जागी मिरची

चीनमध्ये जेवण ही मुळात एकट्याने उरकावयाची गोष्ट नव्हे. गोल मेजाभोवती सात-आठ माणसे बसावीत, मध्ये पदार्थांच्या बशा मांडाव्यात आणि प्रत्येकाने त्यांतून थोडे थोडे उचलावे, ही तेथील रीत. एकट्याने हिंडणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादा वाडगाच येतो. सिच्वान प्रांताची राजधानी चेंगदू. तेथील गल्लीतल्या लहानशा खाणावळीत तो शिरला, तर 'दानदान' नावाच्या शेवया त्याच्यापुढे येतात. 'दान' म्हणजे कावड. एके काळी फेरीवाले खांद्यावरच्या कावडीत शेवया, मसाले, चूल आणि भांडी घेऊन रस्तोरस्ती हिंडत आणि उभ्या-उभ्या गिऱ्हाइकाला वाडगा भरून देत; त्यावरून हे नाव पडले.

वाडग्यात लालभडक तेलाचा तवंग असतो. पहिल्या घासाला जीभ भाजते, डोळ्यांत पाणी येते. मिरचीवर वाढलेल्या मराठी माणसाला याचे फारसे नवल वाटणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या घासाला काही निराळेच घडते. ओठांना झिणझिण्या येतात आणि जीभ बधिर होऊ लागते. चिनी भाषेने या दोन अनुभवांना दोन स्वतंत्र शब्द दिले आहेत. भाजणारा तिखटपणा तो 'ला' आणि बधिर करणारा तो 'मा'. एकाच घासात भेटणाऱ्या या दोघांच्या वयांत मात्र शतकानुशतकांचे अंतर आहे.

'मा' हा या भूमीचा जुना रहिवासी. तो येतो 'ह्वाजिआओ' नावाच्या एका काटेरी झाडाच्या फळांतून. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात घालतात त्या तिरफळाचा हा जवळचा नातलग. दोन्ही झाडे एकाच कुळातली. सिच्वानचे लोक चवीचे भोक्ते आहेत, त्यांना झणझणीत आणि सुगंधी पदार्थ आवडतात, अशी नोंद चांग छू या इतिहासकाराने इसवी सनाच्या चौथ्या शतकात करून ठेवली आहे. त्या काळी अमेरिका खंडाबाहेर मिरचीचे एक रोपही नव्हते. सिच्वानचा झणझणीतपणा तेव्हा ह्वाजिआओ, आले आणि अशाच काही देशी फळांवर चालत होता.

'ला' आला तो समुद्रावरून. कोलंबसानंतर अमेरिकेतून निघालेली मिरची सोळाव्या शतकात आशियाच्या बंदरांना लागली. चीनमधील तिचा पहिला ज्ञात उल्लेख १५९१ सालचा. हांगचौ येथील काव लिएन या रसिक ग्रंथकाराने तिची पांढरी फुले आणि झिजलेल्या लेखणीच्या टोकासारखी लाल फळे वर्णिली, ती तिखट असतात हेही सांगितले. पण तिचे कौतुक केले ते शोभेचे झाड म्हणून. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या ली श-चेन यांच्या प्रचंड वनौषधिकोशात तर तिला स्थानच नाही. बागेत ती आली होती. स्वयंपाकघराचा उंबरठा तिने अजून ओलांडला नव्हता.

नाव मात्र तिला लगेच मिळाले. कोणी तिला परदेशी मिरी म्हटले, कोणी समुद्रापारची मिरी. आपल्याकडेही पोर्तुगिजांच्या मागोमाग आलेल्या या फळाला मिरीच्याच घराण्यातले नाव मिळाले. परक्या वस्तूला ओळखीच्या वस्तूचे नाव देऊन घरात घेण्याची ही मानवी रीत दोन्ही देशांत सारखीच दिसते.

मग ती चिनी ताटात शिरली कशी? १६७१ साली झेजियांग प्रांतातील शानयिन तालुक्याच्या दप्तरात ती मिरीऐवजी वापरता येते अशी नोंद झाली. तरीही त्या किनारपट्टीवर ती फारशी रुजली नाही. खरी रुजली ती शेकडो कोस आत, डोंगराळ ग्वेइझौ प्रांतात. सिच्वानचा माणूस तिखटाला भीत नाही, हूनानच्या माणसाला तिखटाने भय वाटत नाही आणि ग्वेइझौच्या माणसाला भय वाटते ते जेवण तिखट नसेल याचे, अशी एक लोकोक्ती चीनमध्ये प्रसिद्ध आहे. या तिसऱ्या माणसाचे रहस्य १७२२ सालच्या एका नोंदीत सापडते. ग्वेइझौमधील सझौ परगण्याच्या वृत्तांतात म्हटले आहे की, तेथील मूळचे लोक आणि म्याव जमातीचे लोक मिरचीचा उपयोग मिठाच्या जागी करतात.

या एका नोंदीत मोठा इतिहास दडला आहे. ग्वेइझौला समुद्र नाही आणि मिठाच्या खाणीही नाहीत. सिच्वानमधील खाऱ्या विहिरींचे मीठ नावांतून आणि पुढे हमालांच्या पाठीवरून घाट चढून तेथे येई. त्यावर सरकारी कर आणि व्यापाऱ्यांचा नफा चढे. गरिबाच्या झोपडीपर्यंत पोचताना ते चैनीची वस्तू होऊन बसे. मिरचीत मीठ नसते हे खरे. पण अळणी भाताचा किंवा मक्याचा घास घशाखाली उतरविण्याचे सामर्थ्य तिच्यात असते. तिला शेत लागत नाही, परसातला हातभर तुकडा पुरतो. ती वाळविता येते, आंबविता येते, वर्षभर टिकते. आणि तिच्यावर कर नव्हता.

चीनमध्ये आजही प्रवाशाला एक वेगळे कारण सांगितले जाते. तेथील हवा दमट, शरीरातील ओलावा घालविण्यासाठी मिरची हवी, असे हे स्पष्टीकरण. पण मग त्याहून दमट असलेल्या क्वांगतुंग प्रांताचे जेवण सौम्य का? दुसरे कारण स्वभावाचे. १९३६ साली एडगर स्नो हा अमेरिकन पत्रकार साम्यवाद्यांच्या प्रदेशात पोचला, तेव्हा हूनानमध्ये जन्मलेल्या माओ त्से-तुंग यांनी त्याला भोजनप्रसंगी सांगितले की, तिखट खाणारे लोकच क्रांतिकारक होतात. कोणीतरी लगेच इटलीचे उदाहरण पुढे केले. तेथील लोकही मिरची आणि लसूण आवडीने खात, आणि त्या वेळी तेथे मुसोलिनीची सत्ता होती. माओ हसले आणि त्यांनी हार मान्य केली. हवा आणि स्वभाव ही दोन्ही कारणे सांगावयास सोपी आहेत. त्यांत कोणाच्या दारिद्र्याचा हिशेब द्यावा लागत नाही.

ग्वेइझौ आणि हूनानमधून मिरची शेजारी पसरली. सतराव्या शतकातील युद्धांनी सिच्वान ओसाड झाला होता. तो पुन्हा वसविण्यासाठी हूनान, हूपेइ आणि इतर प्रांतांतून लक्षावधी माणसे तेथे गेली. नव्या वस्तीबरोबर नवी पिके आली, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासून सिच्वानच्या दप्तरांत मिरची दिसू लागली. चेंगदूच्या वान्फू पुलाजवळ १८६२ साली स्थापन झालेल्या चेन कुटुंबाच्या खाणावळीतून 'मापो तौफू' हा जगप्रसिद्ध पदार्थ निघाला. तेलाचे ओझे वाहून नेणारे हमाल हे तिचे गिऱ्हाईक. 'मापो' म्हणजे देवीच्या व्रणांची म्हातारी. पदार्थाला नाव लाभले ते त्या मालकिणीचे, कोणा सम्राटाचे नव्हे.

प्रतिष्ठितांच्या पंक्तीत मिरची उशिरा आली, आणि तीही चोरपावलांनी. त्सेंग क्वो-फान हे एकोणिसाव्या शतकातील बलाढ्य राज्यपाल मूळचे हूनानचे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. त्यांची मर्जी संपादण्यासाठी एका अधिकाऱ्याने त्यांच्या आचाऱ्याला पैसे चारून त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या. आचारी म्हणाला, पदार्थ नेहमीचेच करा, फक्त वाढण्यापूर्वी मला दाखवा. पाखरांच्या घरट्यांचे अतिमूल्यवान सार आले, तेव्हा त्याने एक बांबूची नळी काढली आणि सारावर भराभर काहीतरी शिंपडले. अधिकारी घाबरला. ती होती मिरचीची पूड. आणि राज्यपाल प्रसन्न झाले! गोष्ट खरी असो वा नसो, तिचा रोख स्पष्ट आहे. खेड्यातली चव उच्चपदावर पोचली होती, पण अजून नळीत लपून होती.

आज ती लपत नाही. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात सिच्वान, हूनान आणि ग्वेइझौमधील कोट्यवधी मजूर कारखान्यांच्या शहरांकडे गेले आणि मिरचीही त्यांच्यासोबत गेली. शांघाय-पेकिंगपर्यंत तिखट खाणावळी आता रस्तोरस्ती आहेत. जी चव एके काळी मिठाच्या अभावाची खूण होती, ती आता तरुणांच्या मेजवानीची खूण झाली आहे. भारतात 'शेजवान' या नावाने जी तांबडी चटणी विकली जाते, तिच्यात 'मा' बहुधा नसतोच. 'ला' मात्र असतो. म्हणजे प्रांताचे नाव धारण करून जगभर हिंडली ती उशिरा आलेली पाहुणीच.

चेंगदूच्या खाणावळीतील तो एकटा प्रवासी कपाळाचा घाम पुसतो आणि पाण्याचा पेला शोधतो. तो मराठी असेल, तर त्याला हा वाडगा पूर्णपणे परका वाटू नये. भाकरीवर खर्डा घेऊन बांधावर बसणाऱ्या शेतकऱ्याने आणि अळणी भातात मिरची कालविणाऱ्या म्याव स्त्रीने एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. तरीही समुद्रापलीकडून आलेल्या त्याच एका फळाने दोघांचा कोरडा घास घशाखाली उतरविला. आज हौसेने खाल्ल्या जाणाऱ्या त्या घासाला चव दिली ती अशा माणसांनी, आणि तेथील दप्तरात त्यांच्यासाठी जेमतेम एक ओळ खर्ची पडली.