ओढ्याच्या काठचा पोटखराबा

नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. ओढा इथे वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा असतो. पात्रात बाभळी उगवतात, शेळ्या चरतात, आणि प्लॉट शोधत आलेल्या माणसाला ती रिकामी पडलेली जमीनच वाटते. अशा जमिनीवर बांधण्याआधी पाण्याचा विचार करावा, ही कल्पना पर्यावरण खात्याने आणली असे आपण समजतो. ते खरे नाही. जमिनीवर पाण्याचा हक्क कुठवर आहे हे ठरवण्याची रीत या जिल्ह्यात पाचशे वर्षे निरनिराळ्या रूपांत चालत आली. फरक इतकाच की जुन्या रीतींत आधी ओढा पाहिला जाई. आजची रीत आधी इमारतीचे क्षेत्रफळ मोजते. माझ्या मते दोष नेमका इथेच आहे.

मलिक अहमद निजामशहाने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवले आणि १४९४ साली सीनेच्या डाव्या काठाला शहर वसवायला घेतले. सीना शहरापासून थोड्याच अंतरावर उगम पावते. इतक्या वरच्या अंगाला नदीत बारमाही पाणी नसते, त्यामुळे नदीकाठी वसूनही शहराला नदी पुरेना. म्हणून कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या गावांच्या शिवारातून खापरी नळांनी पाणी आणले गेले. भाजलेल्या मातीचा एक नळ दुसऱ्याच्या तोंडात बसवायचा, सांधा चुन्याने बुजवायचा, भोवती दगड-चुन्याचे बांधकाम करायचे आणि सगळी ओळ जमिनीखालून उताराने शहरापर्यंत न्यायची, मध्ये मध्ये हवेसाठी आणि दाबासाठी उच्छ्वास उभारायचे. फराहबागेचा महाल तळ्यात उभा राहिला, हश्त बिहिश्त बागेचे कारंजे उडाले, ते याच कामाच्या जोरावर. अशा नळाला पंप नसतो. वरचा झरा आटला किंवा वाटेतला उतार बिघडला की खालचा हौद कोरडा पडतो. पाणी कुठे मुरते आणि कुठून वाहते हे शिवारात फिरून पाहिल्याशिवाय यातला एकही नळ घालता आला नसता. हे पाणी आधी महालाला आणि किल्ल्याला जाई हे खरे, आणि त्या राज्याला आदर्श ठरवण्याचा माझा हेतू नाही. पण सत्तेची गरज स्वार्थाची असली तरी तिच्यापोटी झालेली जमिनीची पारख खोटी ठरत नाही.

दुसरी पारख इंग्रजांनी केली, तीही महसुलासाठी. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेली मुंबई इलाख्याची मोजणी पुढे नगरला आली. ज्या जमिनीत पीक येत नाही तिच्यावर आकार बसवायचा नाही, म्हणून ती वेगळी दाखवायची, असा तिचा नियम. त्यातून सात-बारावर ‘पोटखराबा’ आला, आणि तो आजही आहे. त्याचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडकाळ, नापीक. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक उपयोगात गुंतलेली: रस्ता, स्मशान, आणि खातेदाराखेरीज इतरांच्याही वापरातला ओढा किंवा तळे. गटाच्या क्षेत्राखाली दोन-चार आर पोटखराबा (ब) लिहिलेला असतो आणि खरेदीच्या वेळी कुणी त्याकडे पाहत नाही. पण तेवढी जमीन गटात असूनही पूर्णपणे त्या खातेदाराची नाही, अशी ती सरकारी कबुली आहे. गावनकाशावर ओढ्याच्या रेघाही आहेत. जिल्ह्यातल्या कोरड्या प्रवाहांची इतकी बारीक नोंद दुसऱ्या कुठल्या कागदावर क्वचितच सापडेल.

आता आजची रीत पाहा. १९९४च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत इमारती नव्हत्या. त्या २००४ साली आल्या. २००६च्या नव्या अधिसूचनेने २०,००० चौरस मीटर बांधकामाची मर्यादा घातली, आणि त्यापुढच्याच प्रकल्पाला पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागते. नगरसारखे शहर अशा प्रकल्पांनी वाढलेले नाही. ते दोन-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांनी वाढले. दोन गुंठे म्हणजे जेमतेम २०० चौरस मीटर. ओढ्याच्या काठाने असे शंभर तुकडे पडले तर एकाचीही तपासणी होत नाही, आणि शंभरांनी मिळून पात्र गिळलेले असते. १९८९ पासून राज्यात निळी आणि लाल पूररेषा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण ती नद्यांना आखली जाते. ओढ्यांच्या वाट्याला क्वचितच येते. बांधकाम नियमावल्या तर काठ स्पष्ट नसलेला लहान प्रवाह वळवण्याची मुभाही देतात, आणि नगरचे बरेच ओढे असेच पसरट, बिनकाठाचे. २०१७च्या पाणथळ नियमांनी नदीचे पात्र आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी व्याख्येतून वगळली. या जिल्ह्यात बांधलेली नसलेली तळी किती? कोपरगावचे मळे भिजवणारे कालवे ज्या नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतात, तोही सिंचनासाठीच बांधलेला. गाळ साचला, पक्षी उतरले, आणि २०२० साली तो महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाला. बांधलेले पाणी पाणथळ होत नाही, हा समज शेजारच्याच नाशिक जिल्ह्याने खोडून काढला आहे.

ओढ्यासाठी जागा राखण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप माणुसकीचा आहे. ओढ्याकाठचा स्वस्त प्लॉट गरिबानेच घेतला; आता रेघ आखून त्याचे घर अडवायचे का? २००१च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१च्या दुरुस्तीने अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढली ती याच विचाराने, आणि त्या विचाराला मी क्रूर उत्तर देऊ इच्छित नाही. पण पाणी घरात शिरते तेही त्याच गरिबाच्या. प्लॉट विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. म्हणून तपासणी घर बांधणाऱ्याच्या नव्हे, जमीन तुकड्यांत विकणाऱ्याच्या दारात व्हायला हवी. बिनशेतीच्या आणि रेखांकनाच्या वेळी, एकेका प्लॉटची नव्हे तर ओढ्याच्या सबंध पाणलोटाची. दुसरा आक्षेप अंतराचा: सरसकट पट्टा सोडला तर न्यायालयात टिकत नाही. बंगळूरच्या तळ्यांभोवती ७५ मीटरचा पट्टा हरित लवादाने २०१६ साली ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो रद्द केला. कारण लवादाला शहराचा आराखडा बदलता येत नाही. तो आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच नवी रेघ शोधत बसण्यापेक्षा जुनी वापरावी असे मी म्हणतो. पोटखराबा (ब) महसुली नोंदीतच आहे. तो रेखांकनाच्या नकाशावर उतरवायला नवा कायदा लागत नाही. तलाठी, भूमापक आणि नगररचनाकार यांनी एकाच गटाचे तीन कागद एका टेबलावर मांडणे लागते. शंभर वर्षांत ओढा सरकला असेल, असेही कुणी म्हणेल. काही ठिकाणी सरकलाच असेल. तिथे पुन्हा मोजणी करावी, आणि ती पावसाळ्यात करावी; मे महिन्यात केलेल्या मोजणीत नगरचा ओढा दिसत नाही.