अर्ध्यावर तुटलेली फ्रेंच

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या बड्या हॉटेलांत पाहुण्यांना टेबलापर्यंत नेणाऱ्या प्रमुखाला ‘मेटर डी’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द ‘मेत्र दोतेल’, म्हणजे वाड्याचा कारभारी. इंग्रजीने त्यातला ‘ओतेल’ टाकून दिला आणि ‘मेत्र द’ एवढेच ठेवले. मराठीत वाडा गाळून कोणी नुसते ‘चा कारभारी’ म्हणू लागावे, तसेच हे. आपल्या भाषेतल्या वाक्प्रचाराचे सांधे आपल्याला दिसतात; उसना घेणाऱ्याला तो एकसंध गोळा वाटतो आणि तो कुठेही कापतो. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापले जाणारे ‘आरएसव्हीपी’ घ्या. ही ‘कृपया उत्तर द्या’ या अर्थाच्या फ्रेंच वाक्याची आद्याक्षरे. इंग्रज त्याच्याआधी आणखी एक ‘प्लीज’ लावतात. आपल्याकडे तर त्याखाली काका-मामांची नावे येतात आणि उत्तर कोणीच पाठवत नाही!

हे गमतीचे नमुने झाले. मला अधिक खुणावतात ते कोर्टात आणि कैदेत कापले गेलेले दोन शब्द, कारण तिथे शब्दाबरोबर माणूसही फरफटला.

१०६६ साली नॉर्मन आले आणि पुढे इंग्लंडच्या न्यायालयांत फ्रेंच रुजली. १३६२च्या कायद्याने युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असे ठरवले; तो कायदा स्वतः मात्र फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकिलांनी आपली फ्रेंच सोडली नाही. शतकामागून शतके ती इतकी भ्रष्ट झाली, की १६३१मध्ये सॉल्झबरीच्या कोर्टात एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, त्याच्या फ्रेंच नोंदीत ‘ब्रिकबॅट’ आणि ‘नॅरोली मिस्ट’ हे इंग्रजी शब्द तसेच बसले आहेत. नेम जरासा चुकला होता. तरी कैद्याचा उजवा हात तोडून त्याला कोर्टासमोरच फाशी दिले गेले. ही नोंद वाचून प्रथम हसू येते आणि मग आपल्या हसण्याची लाज वाटते.

‘कल्प्रिट’ हा शब्द याच कचेरीतला. आरोपी ‘मी दोषी नाही’ म्हणाला, की सरकारी कारकून फ्रेंचमध्ये प्रत्युत्तर देई: ‘दोषी, आमचा आरोप सिद्ध करायला आम्ही तयार आहोत.’ दप्तरात एवढे कोण लिहिणार? ‘दोषी’साठी ‘कल’ आणि ‘तयार’साठी ‘प्रिट’, एवढ्यावर भागे. पुढे फ्रेंच कळेनाशी झाली आणि ही दोन तुकड्यांची नोंद कारकून आरोपीला उद्देशून मोठ्याने वाचू लागले, जणू ते त्याचे संबोधनच. कायद्याच्या परंपरेने सांगितलेली ही व्युत्पत्ती मला पटते; दप्तरी लघुलेखनाने असले चमत्कार करावेत हे मोडी वाचलेल्या माणसाला नवे नाही.

या संबोधनाचा सर्वांत जुना ज्ञात दाखला १६७८चा, पेम्ब्रोकच्या सातव्या अर्लवरील खुनाच्या खटल्यातला. तेव्हा ‘कल्प्रिट’ म्हणजे फक्त समोर उभा असलेला आरोपी. अर्ल सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला, पण उमरावपदाच्या विशेषाधिकाराने सुटून घरी गेला. अठराव्या शतकात दोषवाचक लॅटिन ‘कल्पा’च्या ओढीने ‘कल्प्रिट’चा अर्थ ‘गुन्हेगार’ झाला. खरे तर त्या दोन तुकड्यांत आरोपीचे म्हणणे कुठेच नव्हते. सरकारचीच बाजू कापून त्याच्या कपाळी चिकटली होती.

दुसरा शब्द ‘पॅरोल’. फ्रेंचमध्ये ‘पारोल’ म्हणजे बोललेला शब्द आणि ‘पारोल दॉनर’ म्हणजे इभ्रतीचा शब्द, वचन. युद्धात पकडलेला अधिकारी ‘पळणार नाही’ असे वचन देई आणि त्या भरवशावर त्याला मोकळे ठेवत. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या ठरावीक गावांत असे फ्रेंच अधिकारी भाड्याने खोली घेऊन राहत. मुख्य रस्त्याने गावाबाहेर एक मैल जायची मुभा, रात्री ठरल्या वेळी घरात. १८०८ साली बेनाव्हेंतेला पकडला गेलेला सेनापती लफेव्र-देनुएत हे वचन मोडून चेल्टनहॅमहून पळाला आणि नेपोलियनने त्याला पुन्हा फौज दिली, तेव्हा इंग्रज संतापले. एक कैदी गेल्याचे दुःख होतेच. त्याहून झोंबले ते शब्द मोडल्याचे.

इंग्रजीने यातली इभ्रत गाळली आणि नुसता ‘शब्द’ ठेवला. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, तो तुरुंगांकडे गेला. १८७६ साली उघडलेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा सुधारगृहात चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला मुदतीआधी देखरेखीखाली सोडत. त्यालाही पॅरोलच म्हणत. देणारा बदलला, हे लक्षात घ्या. पूर्वी पॅरोल कैदी देई. आता तुरुंग देऊ लागला.

मराठीत तो याच रूपाने आला. मुंबई राज्याचे फर्लो आणि पॅरोलचे नियम १९५९चे आहेत. फर्लो शब्द डच, म्हणून त्याला इथे सोडतो. ‘पॅरोल मिळाला’, ‘पॅरोल नाकारला’ असे आपण सहज लिहितो. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असले की कैद्याने अर्ज करायचा, वर मंजुरी व्हायची आणि बहुधा कोणा नातेवाइकाने हमीपत्रावर सही करायची. फ्रेंच लोक आज या सुटकेला ‘सशर्त मुक्तता’ अशा अर्थाचे नाव देतात. त्यांच्याकडे ‘पारोल’ म्हणजे अजूनही बोललेला शब्दच.