विदर्भातले विश्वरचनाशास्त्र: एका पीएच.डी.परंपरेचा इतिहास

विदर्भात विश्वरचनाशास्त्रावरचे पीएच.डी.चे प्रबंध मोठ्या प्रमाणावर गणिताच्या विभागांत लिहिले गेले. याचे कारण सोपे आहे. कणप्रवेगक, दुर्बीण किंवा खोल खाणीतली प्रयोगशाळा यांना अमाप पैसा लागतो. व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांना कागद, पेन, बरे ग्रंथालय आणि धीर धरणारा मार्गदर्शक पुरतो. नागपूर आणि अमरावतीकडे या शेवटच्या चार गोष्टी होत्या.

नागपुरात विज्ञानाचे उच्च शिक्षण जुने आहे. व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स 1906 मध्ये निघाले. तीच आजची विज्ञान संस्था. नागपूर विद्यापीठ 1923 चे. मुंबईचा लोहमार्ग तर 1867 मध्येच नागपूरला पोचला होता. वर्धा सोडल्यावर सिंदी, बुटीबोरी, अजनी करत गाडी नागपुरात येते. तेव्हा बुटीबोरी हे वाटेवरचे एक गाव होते. सापेक्षतावादात संशोधन करू पाहणाऱ्याला मात्र पुढची बरीच वर्षे याच रुळांवरून बाहेर जावे लागले.

त्या काळी या विषयाचे भारतातले एक मोठे ठिकाण म्हणजे बनारस, आणि तिथले गुरू होते मराठी. विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म 1908 मध्ये कोल्हापुरात झाला. केंब्रिजहून रँग्लर होऊन ते 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी सापेक्षतावादाच्या संशोधकांची एक फळी उभी केली. गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य 1942 मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. ना शिष्यवृत्ती, ना पगार. साठवलेल्या पैशांवर जवळपास दहा महिने संसार चालला, आणि तेवढ्यात प्रारणे बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र दाखवणारे उत्तर हाती आले. ते 1943 मध्ये प्रसिद्ध झाले. 1963 मध्ये क्वेसारांचा शोध लागल्यावर अतिप्रखर वस्तूंच्या गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा जगाला त्याचे मोल कळले. आज ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. मार्गदर्शकाच्या शेजारी बसून, एकच प्रश्न धरून काम करण्याची ही पद्धत पुढे भारतभरच्या गणित विभागांत रुजली.

मुंबईची वाट वेगळी होती. होमी भाभांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, कणभौतिकी सुरू झाली ती विश्वकिरणांपासून. प्रवेगक नव्हता, पण आकाशातून अतिऊर्जेचे कण फुकट येत होते. छायाचित्रणाच्या जाड पायसाचे थर फुग्यांना बांधून वातावरणात उंच सोडायचे, खाली आणून ते धुवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ तपासायची. कण किती वळला, कुठे थांबला, त्याच्यातून काय फुटले, हे त्या रेघेवरून वाचायचे. विद्यार्थ्याची वर्षे या रेघा मोजण्यात जात. कोलारच्या सोन्याच्या खाणीत याच संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर 1965 मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची खूण टिपली. सैद्धांतिक बाजूला भालचंद्र उदगावकर होते. मरे गेलमान यांच्याबरोबर त्यांनी 1962 मध्ये शोधनिबंध लिहिला, आणि पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही सांभाळले. टीआयएफआरचे विद्यार्थी कित्येक दशके पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची घेत. संस्था 2002 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली.

विद्यापीठांतल्या शिक्षकांसाठी संशोधनाचे दार अरुंदच राहिले. ते उघडले पुण्यात. विष्णु नारळीकरांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांनी केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली 1963 मध्ये पीएच.डी. केली आणि 1972 मध्ये ते टीआयएफआरमध्ये परतले. 1988 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र ही संस्था उभी राहिली. तिच्या नावातला ‘आंतरविद्यापीठ’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. लहान गावातला प्राध्यापक सहयोगी म्हणून येतो, राहतो, ग्रंथालय वापरतो, व्याख्याने ऐकतो आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जातो, ही योजना संस्थेच्या पायातच होती. विदर्भातून लिहिलेल्या कितीतरी शोधनिबंधांच्या शेवटी आयुकाचे आभार मानलेले दिसतात. महाराष्ट्रात या विषयासाठी याहून उपयोगी काम दुसरे झालेले नाही.

या प्रबंधांत नेमके काय असते? बहुतेकांची सुरुवात ‘बियांची’ या नावाने होते. इटालियन गणिती लुईजी बियांची यांनी 1898 मध्ये त्रिमिती अवकाशांचे नऊ प्रकार पाडले. नेहमीच्या प्रतिमानात विश्व सर्व दिशांना सारखेच प्रसरण पावते. बियांची प्रतिमानांत एका दिशेला जास्त, दुसऱ्या दिशेला कमी, असे चालते. पहिल्या प्रकारात आइन्स्टाइनची समीकरणे मांडली की चार समीकरणे मिळतात आणि अज्ञात राशी पाच उरतात: तीन दिशांचे तीन विस्तारगुणक, घनता आणि दाब. एक अट बाहेरून आणल्याशिवाय गणित सुटत नाही. ती अट कोणती आणि ती का, यात संशोधकाचा खरा कस लागतो. बर्मन यांनी 1983 मध्ये सुचवलेला हबल-राशीचा, म्हणजे प्रसरणाच्या दराचा, नियम फार वापरला गेला, कारण त्याने मंदनाचा गुणांक स्थिर राहतो आणि उत्तर नीटस घातनियमाच्या किंवा घातांकी रूपात मिळते. 1998 मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसले, तेव्हापासून याच साच्यात कृष्ण ऊर्जा आली आणि मग सुधारित गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत.

या परंपरेचे ऋण मोठे आहे. शेतकरी आणि नोकरदार घरांतली मुले तिच्यामुळे आइन्स्टाइनची समीकरणे हाताने सोडवू लागली आणि महाविद्यालयांत शिकवू लागली. तिचा कच्चा दुवाही स्पष्ट आहे. अट बदलून नवे उत्तर काढणे सोपे झाले, पण ते उत्तर निरीक्षणाशी ताडून पाहणे फार काळ मागे पडले. निरीक्षणांचा साठाच हाताशी नव्हता, त्यामुळे दोष केवळ संशोधकांवर टाकता येत नाही.

ती अडचण आता उरलेली नाही. गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद 14 सप्टेंबर 2015 ची. अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर आहेत. या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेची, अतिनवताऱ्यांची आणि सर्नच्या कणप्रवेगकातल्या टकरींची माहिती कोणालाही संगणकावर उतरवून घेता येते. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. बुटीबोरीही बदलली आहे. एमआयडीसीच्या कारखान्यांनी गावाचा चेहरामोहरा पालटला, आणि जवळच वारंगा इथे 2016 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचे आवार उभे आहे. तिचा भर संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सवर आहे, आणि विदर्भातल्या विश्वरचनाशास्त्राला आज नेमकी तीच जोड हवी आहे. गणित विभागातल्या मार्गदर्शकांनी पुढच्या विद्यार्थ्याला ती बाहेरची अट निवडताना संगणकावरची निरीक्षणे समोर ठेवायला सांगावे.