सही साहेबांची, काम कारकुनाचे

मराठी माणसाला लेखणीच्या नोकरीचे वावडे कधीच नव्हते. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस ही आपली आडनावेच मुळी दप्तरातून जन्माला आली. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. ज्यांच्या बोरूवर राज्ये चालली त्या लिहिणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत चार ओळीही क्वचितच सापडतात.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नव्हे. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय, एवढीच माझी पुंजी. परंतु २००९ सालच्या मंदीत, मनासारखे काम मिळेना तेव्हा, मी सिंगापूरमधल्या एका मध्यम आकाराच्या वकिली पेढीत संगणक सांभाळण्याची नोकरी पत्करली आणि तिथे अडीच वर्षे काढली. पेढीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वकील मंडळी हुशार होती, पण कारभार म्हणून जे काही असते त्याचा तिथे पत्ता नव्हता. तो घोळ पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला. वकिलाच्या कचेरीत काम एकाचे आणि सही दुसऱ्याची असते. मग कारभार बिघडला की त्याची किंमत कोण मोजतो? उत्तर शोधता शोधता या बेटाच्या न्यायदानाचा बराच इतिहास वाचून झाला. त्यातले काही आपल्यापुढे ठेवतो.

सिंगापूरच्या आरंभकाळी भेटणारा लेखनिक म्हणजे मुनशी अब्दुल्ला. मलाक्काला जन्मलेल्या या गृहस्थांच्या अंगात तमिळ आणि अरब असे दोन्ही रक्त होते. १८१० च्या सुमारास रॅफल्स मलाक्काला असताना मलय राजांना पाठवायच्या पत्रांच्या नकला करणाऱ्यांत कोवळ्या वयाचे अब्दुल्लाही होते. पुढे सिंगापूरला येऊन त्यांनी पत्रलेखक, दुभाषी आणि मलय भाषेचे शिक्षक म्हणून पोट भरले. त्यांचे आत्मचरित्र, 'हिकायत अब्दुल्ला', १८४९ साली छापून प्रसिद्ध झाले आणि आज त्या काळाच्या इतिहासाचे ते एक मोठे साधन मानले जाते. साहेबांचे खलिते दप्तरात गेले, आणि साहेब कसे वागत, कसे बोलत हे कळते ते मुनशींच्या लेखणीतून! 'मुनशी' हा शब्द आपल्याकडेही आहे, ही ओळख सुखावणारी.

त्यानंतर आले कोर्ट. १८२६ च्या राजसनदेने पिनांग, सिंगापूर आणि मलाक्का या तीन ठिकाणांसाठी एक न्यायालय स्थापन झाले. न्यायाधीशांनी पिनांगहून फिरतीवर यावे अशी योजना होती. पण रेकॉर्डर म्हणून आलेले सर जॉन क्लॅरिज आणि गव्हर्नर फुलर्टन यांचे प्रवासखर्चावरून वाजले आणि क्लॅरिजसाहेब पिनांगहून हलेनात. अखेर १८२८ साली सिंगापूरच्या पहिल्या सत्राला गव्हर्नर स्वतःच बसले! क्लॅरिज यांना पुढे परत बोलावण्यात आले. एवढ्यावर भागले नाही. १८३० साली ही वसाहत बंगाल प्रांताखाली गेली आणि गव्हर्नरचे पद रद्द झाले. सनदेत न्यायदानाचा अधिकार त्या पदाला दिलेला होता. पद गेले तेव्हा अधिकारही गेला, असा अर्थ लावून कोर्टेच बंद ठेवण्यात आली. व्यापाऱ्यांनी ओरड केली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि १८३२ मध्ये जुनी पदनामे पुन्हा दिल्यावर कोर्टाची दारे उघडली. म्हणजे वरच्या दोघांचे भांडण असो वा पदाच्या नावाचा घोळ, दावे तुंबले आणि खाली उभा असलेला माणूस ताटकळत राहिला. कारभाराचा दोष असा पाण्यासारखा उताराकडे वाहतो.

आपल्याकडेही याहून वेगळे नव्हते. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजी महाराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. ते निर्दोष होते असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे स्वराज्याची एकनिष्ठ सेवा केली, हे तर सर्वश्रुत आहे. लेखणी ज्याच्या हाती असते तो गुपिताच्या जितका जवळ असतो, तितकाच संशयाच्याही जवळ असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगापूरला वकिलांच्या मोठ्या पेढ्या उभ्या राहू लागल्या. वुड्स आणि डेव्हिडसन यांची १८६१ सालची, ड्रू आणि नेपियर यांची १८८९ सालची. मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्यांतला मॅनेजिंग क्लार्क ज्यांनी पाहिला असेल त्यांना या पेढ्यांचा कणा कोण, हे सांगायला नको. अशिलाची भाषा, कोर्टातली खिडकी, कुठला शिक्का कुठे लागतो, हे सारे त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की साहेबांना स्वतःच्याच खटल्याची तारीख सापडत नसे.

सिंगापूरच्या राजकारणात तर या नात्याचे एक गमतीदार चित्र दिसते. १९५५ साली पहिले मुख्यमंत्री झाले ते डेव्हिड मार्शल, नामांकित वकील. लंडनच्या वाटाघाटी फिसकटल्यावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आले लिम यू हॉक. हे गृहस्थ आरंभी कारकून आणि लघुलेखक होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कारकुनांच्या युनियनचे सरचिटणीस झाले. वकिलाच्या खुर्चीवर कारकून! त्यांची राजवट विद्यार्थी आणि कामगारांच्या चळवळींवरील कडक कारवाईमुळे वादग्रस्त ठरली, हेही नोंदवायला हवे. पण त्यांच्याच कारकीर्दीत, १९५७ साली, कारकुनांच्या नोकरीविषयी स्वतंत्र कायदा झाला. १९६८ मध्ये तो कायदा, दुकान-कामगारांचा कायदा आणि १९५५ चा कामगार कायदा हे तिन्ही मिळून एम्प्लॉयमेंट ॲक्ट आला आणि आठवड्याला ४४ तास ही मर्यादा लागू झाली.

आता माझ्या काळाकडे येतो. १९९० साली सरन्यायाधीश झालेले योंग पुंग हाऊ यांनी तुंबलेली कोर्टे मोकळी करण्याचा चंग बांधला. १९९७ मध्ये कागदपत्रे संगणकाद्वारे दाखल करण्याची योजना प्रयोग म्हणून सुरू झाली आणि मार्च २००० पासून दिवाणी दाव्यांना ती सक्तीची झाली. जगात फार थोड्या देशांनी त्या वेळी एवढी मजल मारली होती, आणि अभियंता म्हणून मला या व्यवस्थेचे आजही कौतुक वाटते. वकिलाने आपले स्मार्टकार्ड यंत्रात घालायचे, पिन टाकायचा आणि कागद कोर्टाकडे पाठवायचा. हे कार्ड म्हणजे वकिलाची सहीच.

आराखडा आखणाऱ्यांनी गृहीत धरले होते की सही वकील करील. आमच्या पेढीत कार्ड असे सेक्रेटरीच्या खणात आणि पिन असे कार्डाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. तिघा भागीदारांच्या हाताखाली मिळून एक सेक्रेटरी होती आणि प्रत्येकाला वाटे की आपले काम आधी. फायलींना क्रमांक देण्याच्या तीन तऱ्हा होत्या. सूचना सगळ्या तोंडी, त्याही बहुधा संध्याकाळी पाचनंतर. मग स्कॅनरपुढे शेकडो पानांचा ढीग पडे, पीडीएफ तयार होत आणि शेवटची बस चुकवून मंडळी टॅक्सीने घरी जात.

वकिलांचा वेळ तिथे सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने लिहिला जाई, कारण त्याचे बिल अशिलाला जायचे. सेक्रेटरीने स्कॅनरपुढे घालवलेले तीन तास कुठल्याच वहीत चढत नसत. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. जे मोजले जात नाही ते फुकट आहे असे समजून वापरले जाते. व्यवस्थापन वाईट होते म्हणजे माणसे दुष्ट होती असे नव्हे. कोणाच्या वेळेचा खर्च होतो आहे, हे दाखवणारा काटाच त्या पेढीत बसवलेला नव्हता.

तिथे एक वयस्क बाई होत्या. सगळे त्यांना 'आँटी' म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, कुठल्या घराचे कागद कुठल्या कपाटात हे त्यांना तोंडपाठ. एकदा एका दाव्यातली मुदत हुकली. आँटींनी आठवण करणारा ई-मेल चार दिवस आधीच पाठवला होता, तो भागीदारांनी उघडलाच नव्हता. बैठकीत दोष मात्र आँटींच्या माथी आला. त्यांनी वाद घातला नाही. महिनाअखेरीस राजीनामा दिला, टेबलावरचे रोपटे उचलले आणि त्या गेल्या. पुढचे कित्येक आठवडे आम्ही कपाटे उपसत होतो. पेढीने बावीस वर्षांची स्मरणशक्ती गमावली, आणि ताळेबंदात तिची नोंद कुठेच झाली नाही.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. जून २००६ मध्ये सिंगापूरमधला एक वकील अशिलांचे सुमारे १ कोटी १० लाख डॉलर घेऊन परागंदा झाला. लगेच चक्रे फिरली. २००७ साली नियम झाला की अशिलांच्या खात्यातून ३०,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम काढायची तर दोन सह्या हव्यात. ऑगस्ट २०११ पासून तर घरखरेदीचे पैसे वकिलाच्या नेहमीच्या खात्यात ठेवायलाच बंदी आली. हे योग्यच झाले. अशिलाचे नुकसान आकड्यात मांडता येते, त्याची बातमी होते, म्हणून नियमही होतो. आँटींचे नुकसान आकड्यात आले नाही, म्हणून त्याचा नियमही झाला नाही. कारकुनाच्या पदरात काही पडले ते १९५७ साली, जेव्हा त्यांनी एकत्र येऊन आपले तास स्वतःच मोजायला घेतले होते.

त्यानंतर बरेच बदलले आहे. २०१३ मध्ये ती जुनी पद्धत जाऊन नवी आली आणि वकिलाची ओळख आता सिंगपासने पटवली जाते. एप्रिल २०१७ मध्ये नोकरीच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण सुरू झाले. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचा, आणि युनियनमार्फत समेटाचा प्रयत्न झाला असल्यास ३०,००० डॉलरपर्यंतचा, पगाराचा दावा करता येतो. आधी समेटाची पायरी सक्तीची आहे. नोकरी चालू असेल तर वर्षभरात आणि सोडली असेल तर सहा महिन्यांत जावे लागते. एप्रिल २०१९ पासून व्यवस्थापक आणि अधिकारी वर्गालाही, पगार कितीही असो, एम्प्लॉयमेंट ॲक्टचे मूलभूत संरक्षण मिळते.

हे तपशील मुद्दाम दिले. आपल्या मंडळींतल्या कित्येक सुशिक्षित स्त्रिया इथे येतात त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. १ मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर नोकरी करायची तर सामान्यतः स्वतःचा वर्क पास लागतो, आणि तो देऊ करणाऱ्या मालकाशी फारशी घासाघीस करण्याची सोय नसते. तेव्हा जे काम मिळेल ते पदरात पाडून घेतले जाते, आणि 'पहिली नोकरी आहे, कशाला बोला' म्हणून सहन केले जाते. त्यांना माझे एवढेच सांगणे की तोंडी हुकूम मिळाला की दोन ओळींचा ई-मेल लिहून तो पक्का करून घ्यावा. आपले तास आपल्या वहीत रोजच्या रोज टिपावेत. दुसऱ्याची सही, कार्ड वा पासवर्ड आपल्या खणात ठेवून घेऊ नये, कितीही विश्वासाने दिला तरी.

आणि आपल्यापैकी जे आज साहेबांच्या खुर्चीत आहेत, त्यांच्यासाठीही एक विनंती. सोमवारी कचेरीत गेल्यावर एक हिशेब करून पाहावा. आपल्या सहीखाली गेलेल्या मागच्या दहा कागदांपैकी किती आपण स्वतः तयार केले, आणि उरलेले ज्यांनी केले त्यांची नावे आपल्याला सांगता येतात का? दप्तरातून आडनावे घेऊन आलेल्या माणसांना हा प्रश्न जड जाऊ नये.